ढोलीतला कोळी ढोलीतच बरा

संपादक महाशय,

सावंतवाडीहून भाच्याने व्हिडिओ पाठवला. जुन्या आंब्याच्या ढोलीतून काठीने काढलेला तळहाताएवढा टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, प्लास्टिकच्या बरणीत, आणि खाली प्रश्न: ‘मावशी, तू पाळतेस ना? याला खायला काय देऊ?’ त्याला जे सांगितलं, ते आपल्या कोकणातल्या वाचकांनाही सांगते.

मी बर्मिंगहॅमला राहते. पाळते ती आपल्या सह्याद्रीतलीच जात, पोसिलोथेरिया रेगॅलिस. पण माझी मादी इथेच पेटीत जन्मलेली आहे. उभी काचेची पेटी, कॉर्कच्या सालीची उभी नळी, पाण्याची वाटी, हवेला भोकं, अधूनमधून एखादं झुरळ. एवढ्यात तिचं भागतं. खरी काळजी पेटी उघडताना. ती मोठ्या टबात ठेवायची, बाई सालीच्या आत आहेत याची खात्री करायची, मगच लांब चिमटा घालायचा. हा कोळी धावतो तेव्हा दिसतच नाही. अमेरिकेतल्या कित्येक टॅरँटुलांसारखे खाजरे केस तो उडवत नाही. आधी पळतो, कोंडीत सापडला की पुढचे पाय उचलून खालचा पिवळाधमक रंग दाखवतो, आणि तरीही हात पुढे आला तर चावतो. त्याने माणूस दगावल्याची नोंद नाही, पण भयंकर वेदना होतात, स्नायूंत पेटके येतात, ते कधी कधी अनेक दिवस टिकतात. यावर प्रतिविष नाही. हातावर घेऊन फोटो काढणाऱ्यांचं मला तरी कौतुक नाही. उंचावरून पडला तर त्याचं पोट फुटतं.

ढोलीत आई आणि पिल्लं बरेच दिवस एकत्र राहतात. बरणीतली मादी असेल, तर मागे कोण राहिलं? पोसिलोथेरियाच्या सगळ्याच जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2019 पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या जागतिक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. हिचीच आंध्रातली निळी बहीण परदेशी शौकिनांच्या पेट्यांत पैशाला पासरी, आणि तिच्या जंगलात अतिधोक्यात!

बागायतदारांना विनंती: पोकळ झालंय एवढ्यासाठी जुनं झाड तोडू नका. कोळी भिंतीवर आलाच तर झाडू नको. हात लांब ठेवून वर मोठा डबा उपडा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि जवळच्या जुन्या झाडावर सोडा.

आपली,
एक सावंतवाडीकर, मुक्काम बर्मिंगहॅम