आईच्या आयोडीनबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर धड बोलणं होत नाही, म्हणून आईच्या थायरॉईडच्या ऑपरेशननंतर आता किरणोत्सर्गी आयोडीन द्यायचं का, याबद्दल लिहिते आहे. बाबा म्हणतात, "सोय आहे तर देऊन टाकू आयोडीन, मागे रुखरुख नको." डोसनंतर अंगातून किरण निघतात म्हणून काही दिवस वेगळं ठेवतात, तर आई म्हणते, "त्या बंद खोलीत मी एकटी राहणार नाही." मला वाटतं, भीती आणि काळजी दोन्ही बाजूला ठेवून आधी ऑपरेशननंतरचा रिपोर्ट बघावा.

त्यात लिहिलंय: पॅपिलरी कॅन्सर (थायरॉईडच्या कॅन्सरचा एक प्रकार), गाठ दीड सेंटिमीटरच्या आत, ग्रंथीबाहेर पसरलेली नाही, मानेतल्या लिम्फच्या गाठी स्वच्छ. हा कमी धोक्याचा गट. थायरॉईडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात, म्हणून आयोडीन-१३१ चा, म्हणजे त्या किरणोत्सर्गी आयोडीनचा, डोस उरल्यासुरल्या पेशींपर्यंत पोचतो आणि त्यांना मारतो. पण आईची पूर्ण ग्रंथी काढलीय. मारायला उरलंय किती?

बाबा, हे माझ्या मनाचं नाही. फ्रान्समध्ये अशाच कमी धोक्याच्या ७७६ रुग्णांवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला. निम्म्यांना ३० मिलिक्युरीचा (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) डोस दिला, निम्म्यांवर नुसतं लक्ष ठेवलं. तीन वर्षांनी दोन्हीकडे जवळजवळ ९६ टक्के लोक ठीक होते. डोस घेतलेल्यांना जास्तीचा फायदा दिसला नाही.

"मग निदान आयोडीनचा स्कॅन तरी करू," असं तुम्ही म्हणाल. त्या स्कॅनलाही तयारी लागते. थायरॉक्सिन, म्हणजे आईची थायरॉईडची रोजची गोळी, तीन-चार आठवडे बंद ठेवायचं, म्हणजे आईला थकवा, थंडी, बद्धकोष्ठता. नाहीतर महागडं इंजेक्शन. शिवाय आठवडा-दोन आठवडे आयोडीनचं मीठ, समुद्राची मासळी, दूध, अंड्याचा बलक बंद. ज्यातून आत्ता काही ठरणार नाही, त्यासाठी तिला एवढं सोसायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिपोर्टमध्ये लिम्फच्या गाठींत कॅन्सर असता, किंवा तो ग्रंथीबाहेर पसरलेला असता, तर मीच आईला घेऊन परळला गेले असते. तिथलं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. आणि आई, तेव्हा खोलीतल्या त्या दोन-तीन दिवसांसाठी तुझी समजूतही मीच घातली असती. पुढे गरज पडली तर हा उपाय हातात आहेच, आत्ता नाही म्हटल्याने तो जात नाही.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशीच बनवतात ते प्रथिन, रक्तात तपासतात) कधी तपासायचं, आणि त्याच्या अँटिबॉडीज (शरीराने त्याविरुद्ध बनवलेली प्रथिनं) सोबत बघणार का? त्या असल्या तर थायरोग्लोब्युलिनचा आकडा भरवशाचा राहत नाही. मानेची सोनोग्राफी कधी? टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) किती ठेवायचा? उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि मला फोटो पाठवा.

आई, थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियमची गोळी मात्र चार तासांनंतरच. बाबा, तेवढी वेळ तुम्ही सांभाळा.

तुमची,
मनू