बाथरूमच्या फरशीखालची ऊब: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाथरूमची गळती आता शेजारच्या खोलीच्या भिंतीत उतरल्यामुळे फरशी उखडावीच लागेल, असे मिस्त्रींनी सांगितल्याचे बाबांकडून कळले. फरशी निघणारच आहे, तर त्याच कामात नव्या टाइल्सखाली विजेवर तापणारी जाळी बसवून घ्यावी, असे माझे मत आहे. आई, ‘दोन महिन्यांच्या थंडीसाठी एवढा उपद्व्याप कशाला?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे, आणि निव्वळ उबेसाठी कुणी धडधाकट फरशी फोडायला निघाले तर मीही त्याला नकोच म्हणेन. पण नागपूरचा पारा डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि बाबांची पहाटेची आंघोळ थंडी पाहून पुढे ढकलली जात नाही. शिवाय आपल्याकडे आंघोळीचे पाणी सगळ्या फरशीभर पसरते. कोमट फरशी लवकर वाळते, आणि तुमच्या वयाचा विचार करता मला पायाला मिळणाऱ्या उबेपेक्षा पाय न घसरण्याचे मोल अधिक वाटते.

बाबा, ओल्या जागेत वीज नेण्याची तुम्हाला वाटणारी धास्ती मुळीच अनाठायी नाही. या जाळीतील तापणाऱ्या तारेवर आधी इन्सुलेशन, त्यावर अर्थिंगला जोडायचे धातूचे वेष्टन आणि त्यावर आणखी एक आवरण असते. शिवाय या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती ओळखणारा स्विच) लावायची, म्हणजे तारेला कुठे इजा होऊन करंट गळू लागला तर पुरवठा क्षणार्धात तुटतो. मात्र घराचे अर्थिंग धड नसेल तर त्या धातूच्या वेष्टनाचा उपयोग उरत नाही. उन्हाळ्यात आपल्या कूलरला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, हे आपण वर्षानुवर्षे हसण्यावारी नेत आलो आहोत. मे महिन्यात माती सुकली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, त्यामुळे लायसन्स असलेल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून, गरज पडल्यास नवा खड्डा घेऊनच पुढचे काम सुरू करावे. थर्मोस्टॅट बाथरूमबाहेर, पॅसेजच्या भिंतीवर बसेल. आत फक्त तापमान मोजणारा सेन्सर राहील, तोही बारीक पाइपमधून, म्हणजे बिघडल्यास टाइल न फोडता बदलता येईल.

विजेच्या बिलाची काळजी नको. मोकळी जागा जेमतेम तीन चौरस मीटर आहे. चौरस मीटरला १५० वॉटप्रमाणे जाळी ४५० वॉटची होईल, आणि आपला गीझर २००० वॉटचा आहे. पहाटे दोन तास सलग चालली तरी एक युनिटही जळणार नाही. फरशी तापायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून टायमर आंघोळीच्या आधीच सुरू होईल असा लावावा.

मिस्त्रींच्या हाताबद्दल मला शंका नाही, पण हे काम त्यांच्या नेहमीच्या क्रमाने होणारे नाही. आधी स्लॅबचे वॉटरप्रूफिंग करून नहाणी ट्रॅपकडे मीटरला साधारण १२ मिलिमीटर ढाळ काढायचा. त्यावर इन्सुलेशनचा बोर्ड बसवायचा, नाहीतर निम्मी ऊब स्लॅबच पिऊन टाकील. बोर्डावर जाळी आणि ती पूर्ण झाकणारा लवचीक टाइल ॲडहेसिव्हचा थर द्यायचा. जाळीच्या वरही वॉटरप्रूफिंगचा एक थर हवा आणि तो भिंतींवर फूटभर चढवायला हवा. आपण आपल्या घरात हा थर नेमका वाचवायला पाहतो. टाइल्स सिमेंटच्या गाऱ्यात नव्हे, त्याच लवचीक ॲडहेसिव्हमध्ये बसवायच्या. जाळी जागेत बसत नसेल तर तिचा जाळीदार कपडा कापून वळवता येतो, तार मात्र कदापि कापायची नाही आणि एकीवर एक येऊ द्यायची नाही. कमोडखाली, ट्रॅपभोवती आणि आई, तुझ्या पाण्याच्या पिंपाखाली जाळी येता कामा नये, कारण झाकलेल्या जागी उष्णता कोंडून तार खराब होते. पिंपाची जागा आताच ठरव आणि नंतर ती बदलू नकोस.

या तारेला सर्वांत मोठा धोका पाण्याचा नसून थापीच्या टोकाचा असतो. ४५० वॉटच्या जाळीचा रोध सुमारे ११८ ओहम यायला हवा. नेमका आकडा खोक्यावरच्या लेबलवर असतो. वायरमनने तो मल्टिमीटरवर खोके उघडल्यावर, जाळी अंथरल्यावर आणि टाइल्स बसल्यावर मोजावा, सोबत मेगर नावाचे मीटर लावून इन्सुलेशनही तपासावे, आणि बाबांनी प्रत्येक आकडा तुमच्या त्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावा. मधला आकडा जुळला नाही तर मिस्त्री कितीही घाईत असले तरी टाइल बसवू देऊ नका. ॲडहेसिव्ह पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे निदान आठवडाभर, बटण दाबून पाहण्याचा मोहही टाळावा.

बाबा, मधुमेहामुळे तुमच्या तळपायांना चटका पटकन कळत नाही, म्हणून थर्मोस्टॅटची कमाल मर्यादा मी २७ अंशांवर बांधून देईन. ती वाढवू नका. आधाराचे दांडे भिंतीलाच बसतील, फरशीत एकही स्क्रू जाणार नाही.

जुनी फरशी काढायला मिस्त्रींना होकार कळवावा. जाळीचे खोके मी पाठवते आहे. ते मी येईपर्यंत उघडू नये.

तुमची लेक