शनिवारच्या बैठकीला वाचून या

सर्व सरपंच, उपसरपंच आणि सदस्यांना नमस्कार.

शनिवारी दुपारी 4 वाजता दापोलीला आपली वाचन बैठक आहे. या वेळी 18 जानेवारी 2019 ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना घेऊ. ग्रामीण किनाऱ्याचा, म्हणजे सीआरझेड-3 चा भाग तरी घरून वाचून या. लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त असेल तर समुद्राच्या भरतीरेषेपासून 50 मीटर, कमी असेल तर 200 मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे जिथे नवे बांधकाम सहसा करता येत नाही असा पट्टा. गेल्या ग्रामसभेत मी हे न वाचताच "50 मीटर" सांगून मोकळा झालो, आणि एका मावशीने मासळीच्या वाळवणाशेजारी जोत्यासाठी चिरे आणून टाकले. ते चिरे अजून तिथेच आहेत. कळकळीने सांगतो, फॉरवर्ड आलेल्या मेसेजवरून गावाला शब्द देऊ नका.

येताना गावाचा नकाशा आणा.