गेवराईच्या अलीकडं भेटलेल्या सगळ्यांचे लई आभार

मागच्या रविवारी भर दुपारी संभाजीनगरहून बीडला निघालो, शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला अन् टेंपरेचरचा काटा लालकडं सरकायला लागला. गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी, टू-सीटर, दोन कार्बोरेटरवाली, ती मे महिन्यात बाहेर काढली ही चूक माझीच. बॉनेटखालून धूर. मला वाटलं पेटली आता, पण टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून) गळालेलं ऑइल गरम मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर नेणाऱ्या नळीवर) जळायलं होतं.

मी येड्यासारखा रेडिएटरचं झाकण उघडायलोच होतो तेवढ्यात ट्रॅक्टरवाले दादा ओरडले, "थांबा की राव, तोंड भाजंल!" त्यांच्यामुळं थोबाड शाबूत आहे. शेतातल्या मावशींनी घागरभर पाणी दिलं, वर भाकरी अन् डबाभर ठेचा.

अन् गॅरेजवाले काका, तुम्हाला तर दंडवत. ऑइल गळतंय म्हणून सगळे जण म्हणायचे, त्या झाकणाचं गॅस्केट (सील) बदल, तुम्ही आधी इंजिनातला गॅस बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप काढून दाखवला, पूर्ण चोंदलेला, मग आतल्या गॅसला वाट नाही म्हणून तो दाबानं ऑइल बाहेर ढकलणारच ना. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, पातेल्यात टाकला तर पाणी खदखदा उकळलं तरी पठ्ठ्या उघडंना, 82 डिग्रीला उघडायला पाहिजे होता. रेडिएटरात क्षार, कारण मी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतायलो. आता डिस्टिल्ड अन् कूलंटच, शप्पथ.

मावशी, डबा माझ्याकडंच राहिलाय, आणून देतो.