मिस्त्री काका, कणकेचा गोळा अजून आठवतो

मिस्त्री काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्वतः हे वाचणार नाही, नातवाकडून वाचून घ्याल. म्हणून चारचौघांत लिहितोय; त्यालाही कळू दे आजोबा काय चीज आहेत ते.

बाबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी तुमच्याकडे आली, तोवर तिच्यावर तीन गॅरेजांचे हात फिरले होते. गतिरोधक आला की मागून ‘ठण्ण’. नागपुरात सक्करदऱ्याहून सीताबर्डीला जाईपर्यंत कान किटायचे. एकानं धुराचा पाइप वाकवला, दुसऱ्यानं बदलला, तिसऱ्यानं जाडजूड सायलेन्सर गळ्यात मारला. आवाज तसाच.

तुम्ही पाइपाला हातच लावला नाही. मला म्हणालात, “घरून भिजवलेली कणीक आना जी.” मला वाटलं, थट्टा करताय. तुम्ही तो गोळा मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, पाइपाच्या बरोबर खाली चिकटवलात, मागच्या सीटवर तीन माणसं बसवलीत आणि गाडी गतिरोधकावरून नेलीत. परत येऊन पाहिलं तर गोळ्याचा कागद झाला होता. “जॅकवर ॲक्सल खाली लटकते, तवा फट मोठीच दिसनार नं!” तिन्ही गॅरेजवाले नेमकी तिथंच फसले होते. दोष इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगच्या दबलेल्या रबराचा आणि मागच्या स्प्रिंगच्या बसलेल्या पाट्यांचा होता. इंजिनासोबत पाइप खाली आला, पाटे सपाट झाल्यानं ॲक्सल त्याच्या जवळ गेला. रबरं बदलली, पाट्यांना पुन्हा कमान दिली. दुसऱ्या खेपेला गोळा बोटभर जाड उरला.

पण खरे आभार मानायचे आहेत ते डिक्कीसाठी. खालून डांबर फासलेलं होतं, पत्रा दिसायला एकदम ठणठणीत. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार गेला. डांबराखाली पाणी कोंडून गंज आत खात गेला होता, आणि त्या भोकांतून धूर गाडीत येत होता. आई मागे बसली की तिचं डोकं दुखायचं. आम्ही काय करायचो? खिडकी लावून घे म्हणायचो, ऊन लागलं असेल! धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे मला शाळेत शिकवलं होतं. उपयोग मात्र तुम्ही केलात. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापलात, १८ गेजचा तुकडा वेल्ड केलात, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारलंत. तो जोड पाहायला मी अजून वाकतो.

सायलेन्सरही आतून सडला होता; तो का सडला, तेही तुम्हीच सांगितलं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. मी दर रविवारी पाच मिनिटं गाडी सुरू करून बंद करायचो, जपतोय म्हणून! सायलेन्सर तापायचाच नाही, वाफेचं पाणी आतच साचायचं. तुम्ही नव्या सायलेन्सरला तळाशी बारीक भोक पाडून दिलंत आणि मला दम भरलात, “चालवाची असन तं नीट तापेपर्यंत चालवा, नाही तं हात नका लावू.”

परवा कामठीपर्यंत जाऊन आलो. आई मागेच होती, येताना झोपली.

येत्या रविवारी तिनं तुम्हाला जेवायला बोलावलंय. गोळाभात आहे. यातले गोळे डाळीचे, तेवढे ॲक्सलला लावू नका.

तुमचा,
पांढऱ्या पद्मिनीवाला