जादी राण्याचा पहिला प्रश्न : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी डहाणू तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. बदली, फरकाची रक्कम, पेन्शन यांतलं काहीही मागायला हे पत्र नाही, एवढं आधीच सांगतो, म्हणजे आपले स्वीय सहायक ते पुढच्या टेबलावर ढकलणार नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पाठ्यपुस्तकं एकेक करून बदलत आहेत. त्यात पारशी धर्माबद्दल मुलांना काय सांगायचं, एवढ्यापुरतंच माझं म्हणणं आहे.

आजवर मी काय सांगत आलो, ते कबूल करतो. इराणहून आलेले लोक संजाणच्या बंदराला लागले. राजा जादी राण्यानं दुधानं काठोकाठ भरलेला पेला पाठवला, म्हणजे इथे जागा नाही. त्यांच्या दस्तुरानं, म्हणजे मुख्य धर्मगुरूनं, त्यात साखर टाकून पेला परत केला, म्हणजे आम्ही असे मिसळून जाऊ. मी वर्गात पेला, पाणी आणि चमचाभर साखर घेऊन हे करून दाखवायचो. मुलं खूश, तपासणीला आलेले साहेबही खूश. एका वर्षी मागच्या रांगेतली एक वारली मुलगी उठली. तिची आई पारशांच्याच धर्माच्या एका इराणी शेठच्या चिकूवाडीत कामाला जायची. ती म्हणाली, "गुरुजी, साखर तर विरघळली. मग आमचा शेठ कुठनं आला?"

वर्ग हसला, मीही हसलो आणि पुढच्या धड्याकडे वळलो. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र प्रश्न छळू लागला. विरघळली असती तर हजार-बाराशे वर्षांनी त्यांची पवित्र आग कशी उरली, कमरेला बांधायची पवित्र दोरी म्हणजे कस्ती कशी उरली, मुलांना धर्मदीक्षा देणारी नवजोत कशी उरली?

पुढे वाचत गेल्यावर कळलं की ती गोष्ट जुन्या काव्यात नाहीच. पारशांच्या आगमनाची कथा सांगणारं 'किस्स-ए-संजान' नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी १६०० च्या आसपास फारसीत रचलं. त्यात दूध नाही, साखर नाही. आहेत त्या राजाच्या अटी : इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख करावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. आणि या सगळ्यांच्या आधी राजा विचारतो, तुमचा धर्म काय, तो आम्हाला सांगा. मग दस्तुर सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, गाय यांच्याबद्दल सांगतो, कस्तीबद्दल सांगतो. राजाचं समाधान होतं आणि जागा मिळते.

हे काव्य प्रत्यक्ष घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेलं आहे, ते जसंच्या तसं इतिहास म्हणून घेता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण काव्यातल्या राजाला जो प्रश्न सर्वांत आधी पडला, तोच मी एकतीस वर्षं वर्गात गाळला. माझी मुलं दादाभाई, फिरोजशहा मेहता, मादाम कामा, टाटा, होमी भाभा ही नावं घडाघडा म्हणायची. ही माणसं देवापुढे उभी राहून काय म्हणतात, असं विचारलं की वर्ग गप्प. फार तर एखादा म्हणायचा, "ते आगीची पूजा करतात."

हा 'अग्निपूजक' शब्द नव्या पुस्तकांत कुठेही येऊ देऊ नका. जरथुश्त्री, म्हणजे प्रेषित जरथुश्त्राचा धर्म पाळणारा माणूस अहुर मज्दाची, म्हणजे सर्वोच्च देवाची प्रार्थना करतो आणि ती करताना उजेडाकडे, आगीकडे तोंड करतो. आग ही त्याच्या लेखी अशाची, म्हणजे सत्याची आणि सृष्टीतल्या सुव्यवस्थेची खूण. आपल्याकडचा 'ऋत' हा शब्द याच अर्थाचा. जरथुश्त्राच्या गाथा, म्हणजे स्तोत्रं, सतरा आहेत आणि त्यांची भाषा वैदिक संस्कृतच्या इतकी जवळ की दोन सख्ख्या बहिणी वाटाव्यात. फक्त आपल्या 'स'चा तिकडे बऱ्याच ठिकाणी 'ह' होतो. सोम तो हओम, सप्तसिंधू ते हप्तहिंदू. आपण बाजारात 'हप्ता' म्हणतो तो याच सप्ताचा इराणमार्गे परत आलेला भाऊ. हे फळ्यावर लिहिलं की मुलं स्वतःच जोड्या शोधू लागतात, हा माझा अनुभव आहे. गंमत म्हणजे आपले देव तिकडे 'दएव', म्हणजे वाईट शक्ती झाले आणि आपले असुर तिकडे 'अहुर' होऊन सर्वोच्च ठिकाणी बसले. एकाच घरातली वाटणी म्हणा ना.

त्यांचं तीन शब्दांचं सूत्र तर पहिलीच्या मुलालाही पाठ होईल : हुमत, हुख्त, हुवर्श्त. चांगला विचार, चांगलं बोलणं, चांगलं कृत्य. यातलं 'हुख्त' म्हणजे आपलं 'सूक्त'.

पण वर्गाला खरं गुंतवलं ते आतश बेहरामनं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी साखरेचा पेला बाजूला ठेवला आणि फळ्यावर सोळा गोल काढले. सर्वांत वरच्या दर्जाची ही पवित्र आग तयार करायला सोळा ठिकाणची आग लागते. मी विचारलं, कुठून कुठून आणली असेल? मुलं म्हणाली देवळातून, राजाच्या वाड्यातून. मी एकेक गोल भरत गेलो : कुंभाराच्या भट्टीची, लोहाराची, सोनाराची, पाव भाजणाऱ्याची, मेंढपाळाची, वीज पडून पेटलेली. आणि प्रेत जाळणाऱ्याच्या चितेचीसुद्धा. ती पुन्हा पुन्हा शुद्ध करून मग एकत्र आणतात. वर्गात एक कुंभाराचा मुलगा होता. सुट्टी झाल्यावर तो त्या गोलापाशी बराच वेळ उभा होता. अशा आठ आगी भारतात आहेत, त्यांतल्या चार मुंबईत. दिवसाचे पाच प्रहर, तोंडाला पांढरं पदान बांधून मोबेद, म्हणजे पुजारी, त्यांना चंदनाचं लाकूड देतात. आपला श्वास आगीला लागू नये, म्हणून ते पदान.

या आठांतली सर्वांत जुनी ती इराणशाह. आता उदवाड्याला आहे, १७४२ पासून. आणि इथे आमचा पालघर जिल्हा येतो, साहेब. संजाणवर सुलतानाच्या फौजेनं हल्ला केला, तेव्हा परंपरेप्रमाणे ही आग उचलून बहारोटच्या लेण्यात नेली. बारा वर्षं ती तिथे, डोंगराच्या पोटात तेवत होती. पुढे वांसदा, नवसारी, सुरत, वलसाड असा प्रवास करून उदवाडा. बहारोटचा डोंगर आमच्या अस्वाली धरणाच्या वरच्या अंगाला आहे. पारशी मंडळी आजही तिथे जाऊन जशन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, करतात. माझ्या शाळेच्या व्हरांड्यातून तो डोंगर दिसायचा, आणि वीस वर्षं मी मुलांना तो फक्त पावसाचा अंदाज घ्यायला दाखवला! संजाण आज गुजरातेत आहे हे खरं, पण १९६० पर्यंत तेही ठाणे जिल्ह्यातच होतं. तेव्हा हा 'त्यांचा' इतिहास म्हणून सोडून देता येणार नाही.

पुरावेही आपल्याच दारात आहेत. चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांत संजाण 'संयान' म्हणून येतं. ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूट राजाच्या वतीनं तिथला कारभार एक ताजिक, म्हणजे अरब मुसलमान पाहतो. दूध-साखरेच्या गोष्टीत एक राजा आणि एक जहाज असतं. खरं संजाण हे अनेक धर्मांच्या व्यापाऱ्यांचं गजबजलेलं बंदर होतं. २००२ ते २००४ या काळात तिथे उत्खनन झालं, तेव्हा पश्चिम आशियातली झिलईची भांडी निघाली, चिनी मातीची खापरं निघाली आणि पारशांचा जुना दोखमाही, म्हणजे मृतदेह ठेवायची बांधीव जागाही, निघाली.

आणि कान्हेरी! बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही दरवर्षी सहल न्यायचो. मोठा बुद्ध बघायचा, डबे खायचे, माकडांपासून पिशव्या वाचवायच्या आणि पाचच्या आत गाडी गाठायची. त्याच लेण्यांत १००९ आणि १०२१ सालचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत. जरथुश्त्री मंडळी तिथे आली आणि स्वतःची नावं, बापाची नावं, यझ्दगर्दी सन (त्यांची जुनी इराणी कालगणना) कोरून गेली. हजार वर्षांपूर्वी बौद्ध लेण्यात आलेली पारशी माणसं! आमच्या सहलीच्या छापील माहितीपत्रकात माकडांना खायला घालू नका हे होतं, या लेखांबद्दल अक्षर नव्हतं. ते माहितीपत्रक मीच लिहिलं होतं, म्हणून दोष दुसऱ्या कुणाला देत नाही.

आता थोडं अवघड. धडा लिहाल तर तो आरतीसारखा लिहू नका. आमच्या भागात पारशी-इराणी म्हटलं की आधी वाडीचा मालक आठवतो. मुंबईत चहा-ब्रून मस्का देणाऱ्या इराण्यांचेच भाऊबंद इराणातल्या यझ्द-कर्मानकडून येऊन इथे चिकूच्या बागा करून राहिले. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, तेव्हा समोरच्या जमीनदारांत हिंदू होते, मुसलमान होते, तसे पारशी-इराणीही होते. साखरेचा प्रश्न विचारणाऱ्या त्या वारली मुलीच्या आजीला चांगल्या विचाराचं, चांगल्या कृत्याचं सूत्र कुणी सांगितलं असतं, तर तिनं काय उत्तर दिलं असतं, ते मला सांगता येत नाही. हे दोन्ही एकाच धड्यात मावलं पाहिजे. मुलांना ते झेपतं. अवघड जातं ते आपल्याला.

दोखम्याचंही तसंच. 'गिधाडांना देतात' म्हटलं की वर्गात किळस आणि खुसखुस. पण माती, पाणी, आग या तिन्ही गोष्टी मृतदेहानं बाटू नयेत, असा त्यामागचा विचार आहे, हे सांगितलं की मुलं ऐकतात. मग विज्ञानाच्या तासाला जोडून सांगावं, की गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे देशातली गिधाडं कशी संपत गेली आणि २००६ साली त्या औषधाच्या गुरांवरच्या वापराला बंदी का घालावी लागली. गुरांच्या इंजेक्शनामुळे माणसाचा अंत्यविधी अडतो, हे पर्यावरणाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा लवकर समजतं.

जाता जाता एक किरकोळ तक्रार. ऑगस्टमध्ये शाळांच्या फळ्यांवर 'पतेतीच्या हार्दिक शुभेच्छा' लिहिलेलं असतं. पतेती हा वर्षाच्या शेवटचा, झालेल्या चुकांची कबुली द्यायचा दिवस. नववर्ष दुसऱ्या दिवशी. पश्चात्तापाच्या हार्दिक शुभेच्छा देणारे आपणच!

२००१ च्या जनगणनेत देशात ६९,६०१ पारशी होते, २०११ ला ५७,२६४. आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच मुलांना पुढे आयुष्यात एकही पारशी ओळखीचा नसेल. त्यांच्या हाती उरेल ते पुस्तकातलं.

मागणी लहान आहे. पालघर, ठाणे आणि मुंबईच्या मुलांसाठी तीन-चार पानांचा एक धडा द्या. त्यात बहारोट आणि कान्हेरी येऊ द्या, सोळा आगी येऊ द्या, कस्तीचे बहात्तर धागे यस्ना या प्रार्थनाग्रंथाच्या बहात्तर अध्यायांचे का, ते येऊ द्या. छापण्याआधी तो एखाद्या मोबेदाला वाचायला द्या आणि आमच्याकडच्या एखाद्या वारली शिक्षकालाही द्या. दूध-साखर ठेवा हवी तर, पण 'लोक सांगतात' असं म्हणून.

मसुदा करताना बोलावलंत तर डहाणूहून पहाटेच्या लोकलनं येईन, भत्ता नको. त्यापेक्षा आपणच इकडे आलात तर बरं. पावसाळा सरल्यावर या, बहारोटचा चढ दमवतो, दोन बाटल्या पाणी बरोबर ठेवा. तो प्रश्न विचारणारी मुलगी आता अस्वालीच्या बाजूलाच राहते, तिचा मुलगा यंदा तिसरीत आहे. वाट तिला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. डहाणू, जि. पालघर