बासष्टावा डाव

सेलू
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. गौरीस अनेक आशीर्वाद.

फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही. तुमच्या होस्टेलात फोन मिळतो दहा मिनिटं, त्यातली सहा तुझी आई घेते. म्हणून लिहितोय. पाकिटात पेनड्राइव्ह आहे, आधी तो काढून जपून ठेव.

महिनाभर पंचनाम्यांतच गेला. दुधनाकाठचं सोयाबीन उभ्याउभ्या कुजलं, शेतात जायला वाट नाही, आणि अर्ज रोज शे-दीडशे. आता आम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं ठरलंय, पण चिखलात उभा राहून माणूस हाक मारतो ती ‘तलाठी आप्पा’ अशीच. रात्री घरी आल्यावर झोप यायची नाही. मग तुझं बुद्धिबळाचं काम काढून बसायचो.

जूनमध्ये तू विचारलं होतंस, “पप्पा, चेसबेस घ्यायचं का? सगळ्यांकडं आहे.” मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. आमच्या खात्यात त्याला ‘विचाराधीन’ म्हणतात. खरं सांगायचं तर चेसबेस म्हणजे बुद्धिबळाचे डाव साठवायचं आणि शोधायचं सॉफ्टवेअर, हेच मला माहीत नव्हतं, आणि पोरीसमोर कसं कबूल करायचं? तेवढ्यात एकानं अडीच हजारांत ‘एक कोटी डाव’ भरलेला पेनड्राइव्ह गळ्यात मारला. चोरीचा माल होता. डाव उघडायच्या आधी व्हायरस उघडला, लॅपटॉप पुसून घ्यावा लागला. हा आकडा तुझ्या आईला माहीत नाही, आणि तूही सांगू नकोस माय.

मग सिड नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि आपल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. दिसायला मात्र आमच्या तहसीलच्या संगणकासारखं, खिडक्यांवर खिडक्या. पहिले चार दिवस कुठं काय आहे हेच शोधत होतो.

पण एकदा डाव नोटपॅडमध्ये उघडून बघितला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. पीजीएन, म्हणजे डाव साठवायची फाइल, हा साधा मजकूरच गं. वर सात ओळी: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल. खाली चाली. हा तर सातबाराच झाला! वर कुणाचं, कुठलं, कधीचं. खाली त्या जमिनीत काय पिकलं. डाव संपलेला नसला किंवा निकाल माहीत नसला तर निकालाच्या जागी तारा (*) टाकतात.

आणि दुखणीही तीच. एकच माणूस एका डावात ‘आनंद, व्ही’, दुसऱ्यात ‘विश्वनाथन आनंद’, तिसऱ्यात स्पेलिंगच चुकलेलं. एकच डाव दोन ठिकाणांहून आला तर दोनदा चढतो. सातबारे संगणकावर चढवताना ‘किसन’, ‘किशन’ आणि ‘कृष्णा उर्फ किसन’ हे एकच म्हातारबाबा निघाले होते, त्याची आठवण झाली. सिडमध्ये नावं दुरुस्त करायची आणि जुळे डाव काढून टाकायची सोय आहे. ते काम मी केलंय, तुला करायला लागणार नाही.

एक मात्र माझ्याकडून झालं. तुझे पहिले चौदा डाव मी भरले ते क्लिपबेसमध्ये. मला वाटलं तो डेटाबेसच आहे. तो असतो तात्पुरता, कच्च्या कागदासारखा. सॉफ्टवेअर बंद झालं की कोरा. आपल्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, आणि साडेनऊला लाईट गेली. चौदाच्या चौदा गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो की कच्च्या नोंदीवर विसंबू नका, आणि स्वतःच तोंडघशी पडलो. म्हणून तू आधी नवा डेटाबेस नाव देऊन तयार कर आणि मगच डाव भर. तुझे डाव आणि बाहेरून उतरवलेले लाखो डाव एकाच फाइलीत कधी कालवू नकोस. ते निवडत बसायला दोन रात्री गेल्या माझ्या.

मोठा साठा कुठून आणायचा ते पेनड्राइव्हवर लिहून ठेवलंय. त्यातलं एक सांगतो. इंग्लंडात मार्क क्रॉथर नावाचा माणूस आहे. १९९४ पासून तो आठवड्याच्या आठवड्याला जगभरच्या स्पर्धांचे डाव गोळा करून लोकांना फुकट देतो. एकच माणूस, एकच दप्तर, तीस वर्षांवर. आमच्या खात्यात असता तर तीन वर्षांत बदली झाली असती.

आता तुझ्या डावांचं. तुझ्या वह्यांतून आणि सुट्या कागदांतून मिळून एकसष्ट डाव निघाले. त्यात जिंकलेले चौतीस, बरोबरीचे चार, हरलेले तेवीस. तू आजवर डावाच्या सुरुवातीच्या नावानं बोटं मोडत आलीस. कॅरो-कान या सुरुवातीत तयारी कमी पडते, नवी पुस्तकं पाहिजेत, चेसबेस पाहिजे. मी ते तेवीस डाव एकेक करून बघितले. मला तुझ्याएवढं कळत नाही, पण डाव कुठं फिरला हे माझ्यासारख्यालाही दिसतं. पहिल्या पंधरा चालींत हरलेले तीन. अकरा डावांत तू बरोबरीत किंवा पुढं असताना हत्ती आणि प्यादी उरली, आणि तिथं हरलीस. अकरा! दोन वर्षांत तू त्यावर किती तास बसलीस, सांग बघू?

म्हणून मी पहिला शोध सुरुवातीचा लावलाच नाही. सिडमध्ये पटावर उरलेल्या मोहऱ्यांवरून शोधता येतं. दोघांकडं एकेक हत्ती, एकाकडं चार प्यादी, दुसऱ्याकडं तीन, सगळी राजाच्या बाजूला. जुलैत तू हरलीस तशीच. असे डाव ढिगानं निघतात. शिकलेली माणसं सांगतात की ही स्थिती नीट खेळली तर बहुतेक वेळा बरोबरीत सुटते. मी मोठ्या खेळाडूंचे डाव लागोपाठ बघत गेलो तर तीन प्यादीवाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करताना दिसला: एच प्यादं, म्हणजे राजाकडच्या कडेचं, वेळेवर दोन घरं पुढं ढकलून ठेवायचं, म्हणजे समोरच्याला तिथं पसरायला जागा मिळत नाही. तू तुझं प्यादं जागेवरच ठेवलं होतंस आणि हत्ती राखणीला मागं बसवला होतास. असे पंचवीस डाव पटपट बघ. एकेक चाल रवंथ करू नकोस, एका डावाला दोन मिनिटं पुरेत. डोळ्याला वळण लागतं.

फिलिडोरची स्थितीही, म्हणजे एक प्यादं कमी असताना हत्तीनं बरोबरी राखायची रीत, त्यात टाकली आहे. अठराव्या शतकातला फ्रेंच माणूस. आपला हत्ती तिसऱ्या रांगेत धरून राजाला वर येऊ द्यायचं नाही, आणि त्यांचं प्यादं त्या रांगेत आलं की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचं. तू हे वाचलेलं असणार. तरी अकरापैकी दोन डावांत हीच स्थिती आली होती आणि तू हरलीस.

सुरुवातीचं बघायला मनाई नाही. सुरुवातींना कोड दिलेले असतात, त्यात कॅरो-कान बी१० पासून बी१९ पर्यंत सापडतो. पण नुसत्या कोडावर जाऊ नकोस, पटावरच्या स्थितीवरून शोध. सेलूहून परभणीला मानवत रोडवरून रेल्वेनं जा नाहीतर पाथरीचा वळसा घालून जा, परभणी तीच. चालींचा क्रम बदलून तीच स्थिती येते, आणि कोडाच्या कप्प्यात बघणाऱ्याला ते डाव दिसतच नाहीत.

चालींचं झाड, म्हणजे त्या स्थितीत कोण काय खेळलं त्याची यादी, उघडलं की प्रत्येक चालीपुढं यशाचे टक्के येतात. त्याला भुलू नकोस. समजा एका चालीपुढं सत्तर टक्के लिहिलंय. डाव किती? दहा. त्यातल्या पाच ठिकाणी पांढरा तगडा आणि काळा नवशिका. आणि शेवटचे तीन डाव, सगळ्यांत ताजे, पांढरा हरलेला. म्हणजे कुणाला तरी उत्तर सापडलंय, आणि ती बातमी टक्केवारीला अजून कळलेली नाही. आम्ही जमिनीचं बघताना शेवटचा फेरफार आधी बघतो. चाळीस वर्षांपूर्वी ती कुणाची होती ते नंतर. तूही तारखेनुसार लाव आणि वरून वाच. रेटिंगची चाळणीही लाव.

२०२३ साली जुन्या नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा आम्ही मोडीतले, उर्दूतले कागद उपसत होतो. गठ्ठे सगळ्यांपुढं सारखेच होते. ज्याला कुठल्या गावचं, कुठल्या घराण्याचं, अंदाजे कोणत्या सालचं हे ठाऊक होतं त्याला संध्याकाळपर्यंत कागद मिळायचा. ‘बघू काय निघतं’ म्हणून बसणाऱ्याच्या हाताला धूळ. या सॉफ्टवेअरपुढंही मी पहिला आठवडा तसाच धूळ खात बसलो होतो.

तुझ्या त्या चेसबेसचीच गोष्ट ऐक. ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं. कास्पारोव १९८५ साली हॅम्बुर्गच्या क्लबमधल्या आठ जणांशी एकाच वेळी खेळला आणि साडेतीन-साडेचारने हरला. दोन वर्षांनी परत तिथंच गेला. तोवर हा डेटाबेस आला होता. त्यानं त्या खेळाडूंचे डाव संगणकावर बघून घेतले आणि सात-एकनं जिंकला. आजचा फोन त्या संगणकाच्या कितीतरी पुढं आहे, साठाही तेव्हा चिमूटभर असणार. पण त्याला समोर कोण बसणार हे माहीत होतं, आणि तेवढंच त्यानं विचारलं. चेसबेसच्या मोठ्या साठ्यात आज कोटीहून जास्त डाव आहेत. ते आपण घेऊ, पण उन्हाळ्यात. तोवर सिड तुला अपुरं पडतंय असं मला दाखवून दे.

इंजिनाचं, म्हणजे चाली तपासून आकडा देणाऱ्या सॉफ्टवेअरचं, एक भांडण आहे आपलं. डाव संपला की तू लगेच मोबाईलवर स्टॉकफिश लावतेस. तो सांगतो उणे दीड, म्हणजे तुझा पट वाईट. बरं, मग? का उणे दीड, ते तो सांगत नाही. आधी तू स्वतः लिहायचं: इथं मला काय वाटलं, इथं कशाची भीती वाटली, इथं घड्याळात किती मिनिटं होती. सिडमध्ये चालीशेजारी शेरा लिहायची जागा आहे, मराठीत लिहिलं तरी चालतं. मग इंजिन लाव. तुझा शेरा आणि त्याचा आकडा जिथं जुळत नाही तिथं थांब. पाच डावांचं असं करून पाठव, मी वाचीन. सगळं कळलं नाही तरी वाचीन.

दिव्या देशमुखचे डाव वेगळे काढून ठेवलेत. आपल्या नागपूरची पोर, जुलैत बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक घेतला आणि थेट ग्रँडमास्टर झाली. जिंकलेले तू बघशीलच. मी तिचे हरलेले वर लावलेत.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. एकसष्ट डाव भरून झाले तेव्हा मोजलं तर जुलैच्या स्पर्धेच्या पाच फेऱ्या आहेत, सहावी नाही. मला वाटलं कागद हरवला असेल. मग परवा आईनं तुझी जुनी बॅग धुवायला काढली, तर बाजूच्या कप्प्यात फाडलेला अर्धा कागद. बाविसाव्या चालीपर्यंतचा. अक्षर तुझंच, शेवटी शेवटी चिरडीला आलेलं. त्या दिवशी तू हॉलमधून बाहेर आलीस आणि काही न बोलता गाडीवर मागं बसलीस, ते आठवलं. मीही विचारलं नव्हतं.

हातानं लिहायचो तेव्हा सातबाऱ्यावरचं जुनं नाव आम्ही कधी खोडलं नाही. त्याला कंस करायचो आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकायचो. नाव वाचता आलं पाहिजे. ते खोडलं तर जमीन कुठून कुठं गेली हे पुढच्या माणसाला कळणार कसं?

तेव्हा बासष्टावा डाव मी अर्धाच भरलाय. बाविसाव्या चालीला तुझा घोडा डी५ वर आहे, एक प्यादं जास्त आहे, आणि मला तरी तुझाच पट चांगला वाटतो. पुढचं तुला पाठ असणार. असल्या चाली माणूस विसरत नाही. रविवारी लॅपटॉप मिळाला की भर. निकाल मला ठाऊक आहे, तरी त्या जागी सध्या तारा टाकून ठेवलाय.

दिवाळीच्या सुट्टीत संभाजीनगरला खेळायला जायचंय, पैसे भरलेत. आईनं धपाटे बांधून दिलेत, दोन दिवस टिकतील. दही तिकडंच घे, मेसचं आंबट असेल तर बाहेरून.

तुझे
पप्पा